गाडी काढावी की न काढावी?

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली आणि निपाणीजवळ कोगनोळी नाक्यावर वाहने अडवली जाऊ लागली. पलीकडे कागल, तिथे आपल्या कितीतरी जणांची सोयरीक. "मोटारसायकलवर मी एकटाच, मग कुणाला काय लागण होणार?" असे पुष्कळजण विचारीत.

प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. मोकळ्या रस्त्यावर एकट्या स्वाराला धोका थोडाच. पण गाडी कुठेतरी थांबतेच. पंपावर पेट्रोल, पाहुण्यांकडे चहा, म्हाताऱ्या आजीच्या पाया पडणे. ताप-खोकला नसलेला माणूसही हा रोग नेतो. शिवाय आडवाटेने जाताना घसरून पाय मोडला, तर दवाखान्यातली एक खाट अडते.

शेतीची गोष्ट निराळी. शेतातली कामे, बाजार समित्या, खतांची दुकाने यांना केंद्र सरकारने २७ मार्चलाच सूट दिली होती. १५ एप्रिलच्या नियमांत माणसांच्या व जनावरांच्या औषधोपचारासाठी खाजगी वाहनास मुभा होती. दुचाकीवर मात्र एकटा स्वार. म्हणजे विताना अडलेल्या म्हशीसाठी डॉक्टरकडे धावणे रास्त, कंटाळा आला म्हणून फेरी मारणे नव्हे.

खरी अडचण मधल्या कामांची. पलीकडे आई आजारी, सांभाळणारे कुणी नाही, तर? आमच्या मते जावे, पण परवानगी घेऊन, नाक्यावरून. आणि सणाला? १२ एप्रिलला ईस्टर होता. मिस्साबली बंद दाराआड अर्पण झाला, आम्ही घरीच प्रार्थना केली. त्याची रुखरुख अजून आहे.