पट्टी म्हणजे चिलखत नव्हे

टेनिस शिकणाऱ्या मुलांच्या पालकांकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं: "बोटांना चांगली जाड पट्टी बांधा हो, म्हणजे फोड यायचे नाहीत." मग पाचही बोटांना पांढरी टेप, एकावर एक चार-चार वेढे, शिवाय तळव्यावरून एक आडवी. मूल नदालसारखं दिसू लागतं, एवढं खरं. फोडांचं मात्र त्याने काही बिघडत नाही, उलट सोयच होते.

कातडी वरून घासली की फोड येतो, ही समजूतच अर्धवट आहे. घासल्याने खरचटतं, साल निघते. फोडाची गोष्ट वेगळी. रॅकेटची ग्रिप कातडीला जागच्या जागी धरून ठेवते आणि आतलं हाड प्रत्येक फटक्यासरशी सरकतं. या ओढाताणीत बाह्यत्वचेचे थर आतल्या आत एकमेकांपासून सुटतात आणि त्या फटीत पाणी भरतं. म्हणूनच फोड ठरावीक जागी येतात: तर्जनीच्या बुडाशी, अंगठ्याच्या आतल्या कडेला, अनामिका आणि करंगळीच्या मुळाशी. यात घाम सगळ्यात मोठा गुन्हेगार. कोरडी कातडी कमी अडकते, पाण्याने निथळणारीही कमी अडकते. दमट कातडी मात्र ग्रिपला चिकटून बसते. मुंबईच्या मे महिन्यात जे हात सोलून निघतात, ते पुण्याच्या डिसेंबरमध्ये तेवढाच वेळ खेळून शाबूत राहतात, ते यामुळेच.

आता पट्टीचं काम बघा. ओढ एकाच टिचभर जागेवर येऊ न देता ती आजूबाजूला पसरवायची, आणि घर्षण कातडीऐवजी स्वतःवर घ्यायचं. बस. याला एक गुळगुळीत थर पुरतो. शंका असेल त्यांच्यासाठी: लांब पल्ल्याच्या धावपटूंवर झालेला एक अमेरिकी अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आपल्याकडे औषधाच्या दुकानात मायक्रोपोर म्हणून मिळते तसली कागदी पट्टी, तीही एकच थर, लावलेल्या जागी फोडांचं प्रमाण सुमारे 40 टक्क्यांनी कमी भरलं. तो प्रयोग पायांवरचा, हातांवरचा नव्हे, हे मान्य. पण कातडीचं शास्त्र तेच आहे.

चार थरांनी काय होतं? ग्रिप हातात जाड लागते, रॅकेटचा अंदाज येत नाही, आणि सुटेल या भीतीने खेळाडू मूठ आणखी आवळतो. म्हणजे दाब वाढला, ओढ वाढली. त्यात टेपची कड वर आली किंवा घडी पडली की तिथे नवा फोड. ज्याचं नाव घेऊन हे चालतं त्या नदालचंच 2014 सालचं ऑस्ट्रेलियन ओपन आठवा. डाव्या तळव्याला मोठा फोड, त्यावर मोठी पट्टी, आणि दिमित्रोव्हविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात त्याची सर्व्हिस डळमळली. पट्टीमुळे रॅकेट हातातून निसटेल असं वाटत होतं, हे त्याने स्वतः सांगितलं. पुढच्या सामन्यात, फेडररविरुद्ध, तो छोटी पट्टी लावून उतरला आणि जिंकला.

घट्ट बांधणं तर आणखी वाईट. खेळताना बोटं जराशी फुगतात. बांधून झाल्यावर नख दाबून सोडा. दोनेक सेकंदांत गुलाबी रंग परत आला नाही, तर सोडून पुन्हा बांधा. बांधताना हात कोरडा हवा, क्रीम किंवा तेल अजिबात नको, बोट किंचित वाकवलेलं असावं आणि सांधे मोकळे राहावेत.

आणि एवढी टेपची चिंता करणारे पालक सहा-सहा महिने रॅकेटच्या मुठीवर गुंडाळलेली ओव्हरग्रिप बदलत नाहीत! चपटी, काळवंडलेली, घाम पिऊन बुळबुळीत झालेली ग्रिप असेल तर मूठ आवळावीच लागते. इव्हान लेंडल खिशात लाकडाचा भुसा ठेवायचा आणि पॉइंटच्या मध्ये तो हाताला चोळायचा, ते उगाच नव्हे. मनगटाला घामपट्टी, बाकावर कोरडा टॉवेल आणि ताजी ओव्हरग्रिप यांच्यासमोर टेपचा नंबर बराच खाली लागतो.

"फोड आल्याशिवाय हात तयार होत नाही" हा आणखी एक गैरसमज. घट्टा पडतो तो रोजच्या थोड्या-थोड्या दाबाने. फोड आला म्हणजे दाब झेपण्यापलीकडे गेला. चार-पाच दिवस वाया. आणि घट्टा फार जाड झाला तर त्याच्याखालीच फोड धरतो, तो जास्त दुखतो.

फोडाची वरची कातडी कापून टाकू नका. तिच्यासारखी दुसरी पट्टी नाही. मोठा, ठणकणारा फोड असेल तर निर्जंतुक सुईने कडेला टोचून पाणी काढा, कातडी तशीच राहू द्या. मधुमेह असेल तर तेही डॉक्टरांकडूनच करून घ्या. फोडावर टूथपेस्ट किंवा सुपरग्लू लावू नका: टूथपेस्ट दातांसाठी असते. सुपरग्लू चपलेसाठी. मुरगळलेलं बोट ओढून "मोकळं" करणाऱ्या काकांपासून लांब राहा. आत हाड मोडलेलं असू शकतं.

शेवटचा गैरसमज सगळ्यात महागात पडणारा: "तळव्यात दुखतंय ना, बांध पट्टी आणि खेळ." करंगळीच्या बाजूला, मनगटाजवळ, रॅकेटचं बूड जिथे टेकतं तिथे हॅमेट नावाचं हाड आहे. त्याचा आकड्यासारखा भाग वारंवारच्या दाबाने तडकू शकतो, आणि साध्या एक्स-रेत तो बऱ्याचदा दिसतच नाही. तिथलं दुखणं आठवड्यात कमी झालं नाही, तर हाडांच्या डॉक्टरांकडे जाताना रॅकेट बरोबर न्या, ती कशी धरता ते दाखवा आणि सीटी स्कॅनची गरज आहे का, हे विचारा.