कलावंताचे कलादालन

कलाकृती घडविणे हे कलावंताचे काम आणि ती लोकांपुढे मांडणे हे दालनचालकाचे, अशी विभागणी कलाक्षेत्रात रूढ आहे. ब्रिटिश कलावंत डेमियन हर्स्ट यांनी ती आरंभापासूनच मानली नाही. १९६५ साली ब्रिस्टल येथे जन्मलेल्या हर्स्ट यांनी लंडनच्या गोल्डस्मिथ्स महाविद्यालयात शिकत असतानाच, १९८८ मध्ये, गोदी विभागातील एका रिकाम्या इमारतीत सहाध्यायांसह ‘फ्रीझ’ हे प्रदर्शन भरविले. कोणी संधी देईल याची वाट त्यांनी पाहिली नाही.

पुढे १९९१ मध्ये काचेच्या पेटीत, रासायनिक द्रावणात ठेवलेल्या शार्क माशाने त्यांचे नाव गाजले. १९९५ मध्ये त्यांना टर्नर पारितोषिक लाभले. २००८ मध्ये दलालांना वगळून त्यांनी नव्या कलाकृती थेट लिलावात मांडल्या. सुमारे ११ कोटी पौंड जमा झाले.

ऑक्टोबर २०१५ मध्ये त्यांनी लंडनच्या व्हॉक्सहॉल भागात ‘न्यूपोर्ट स्ट्रीट गॅलरी’ उघडली. नाटकांचे पडदे रंगविण्याच्या जुन्या कार्यशाळांचे हे रूपांतर २०१६ च्या स्टर्लिंग पारितोषिकास पात्र ठरले. उद्‌घाटनाचा मान हर्स्ट यांनी स्वतःच्या कृतींना न देता दिवंगत चित्रकार जॉन हॉयलंड यांच्या चित्रांना दिला. प्रवेशही विनामूल्य ठेवला.

निर्माता, संग्राहक आणि निवडकर्ता एकच असल्यास निवडीची तटस्थता कशी राखावी, हा प्रश्न उरतोच. तथापि खाजगी संग्रहात बंदिस्त राहिली असती अशी कला त्यामुळे सामान्य रसिकांना पाहावयास मिळाली, हे विसरता येणार नाही.