स्नॅपशॉट बसवल्यानंतरची कामे

युनिक्स सर्व्हरवर स्नॅपशॉटची सोय बसवणे तासाभराचे काम आहे. ती भरवशाची करण्यासाठी त्यापुढे बरेच काही करावे लागते. सन मायक्रोसिस्टिम्सने तयार केलेली आणि २००५ मध्ये ओपनसोलारिसमधून खुली झालेली झेडएफएस ही फाइल सिस्टिम पाहिली की ते ध्यानात येते. झेडएफएस भरलेल्या ब्लॉकवर पुन्हा लिहीत नाही. बदललेला मजकूर नव्या जागी जातो आणि जुना ब्लॉक मोकळा होतो. स्नॅपशॉट त्या जुन्या ब्लॉकना मोकळे होऊ देत नाही. त्यामुळे तो क्षणात तयार होतो आणि सुरुवातीला नगण्य जागा घेतो.

पुढे मात्र डेटा बदलेल तशी जागा अडत जाते. मोठी फाइल पुसली तरी डिस्क रिकामी होत नाही, कारण एखाद्या स्नॅपशॉटने ती धरून ठेवलेली असते. म्हणून क्रॉनवर स्नॅपशॉटचे वेळापत्रक लावतानाच जुने पुसण्याचा नियमही लावावा. उदाहरणार्थ, तासातासाचे २४ आणि रोजचे ७ ठेवावेत.

डेटाबेस असेल तर सर्वांत जास्त काळजी तिथे घ्यावी लागते. पोस्टग्रेस आधी लॉगमध्ये नोंद करते, मग डेटा फाइल बदलते. दोन्ही एकाच क्षणी टिपले गेले, तर वीज गेल्यावर जसे ते सावरते तसे स्नॅपशॉटमधूनही सावरते. डेटा आणि लॉग वेगळ्या डेटासेटवर ठेवून त्यांचे स्नॅपशॉट एकापाठोपाठ घेतले, तर मात्र मेळ बिघडू शकतो. अशा वेळी दोन्ही डेटासेट एका वरच्या डेटासेटखाली ठेवून, त्या सगळ्यांचा स्नॅपशॉट एकाच आज्ञेने घ्यावा.

परत मिळवण्याचा सरावही तितकाच गरजेचा आहे आणि नेमका तोच बहुतेकदा राहून जातो. एखादी फाइल हवी असेल, तर लपलेल्या स्नॅपशॉट डिरेक्टरीतून ती नुसती कॉपी करता येते. रोलबॅकने मात्र नंतरचे सगळे बदल जातात. जुन्या स्नॅपशॉटकडे जायचे तर मधले स्नॅपशॉटही नष्ट करावे लागतात. त्यामुळे आधी क्लोन काढून त्यावर डेटाबेस चालू करून पाहावा.

इतके करूनही सगळे स्नॅपशॉट मूळ डेटाच्याच डिस्कवर असतात. डिस्कचा पूल गेला की तेही जातात. ते दुसऱ्या यंत्रावर पाठवायलाच हवेत. पहिली प्रत पूर्ण जाते, नंतर फक्त बदल जातात. त्यासाठी दोन्हीकडे एक समान स्नॅपशॉट शिल्लक असावा लागतो. तो चुकून पुसला गेला तर सारा डेटा नव्याने पाठवावा लागतो, म्हणून त्या स्नॅपशॉटवर होल्ड लावून ठेवावा.