रक्तदाबाची संयुक्त गोळी आणि वेदनाशामके : मूत्रपिंडावरील तिहेरी भार

उच्च रक्तदाबाच्या उपचारात दोन वा तीन औषधे एकाच गोळीतून देण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. गोळ्यांची संख्या घटते आणि औषध चुकण्याचे प्रमाण कमी होते, हे तिचे लाभ निर्विवाद होत. मात्र ‘रक्तदाबाची एकच गोळी चालू आहे’ असे सांगणारा रुग्ण वस्तुतः दोन-तीन औषधे घेत असतो व त्यांतील प्रत्येकाची इतर औषधांशी स्वतंत्र आंतरक्रिया संभवते.

टेल्मिसार्टन व हायड्रोक्लोरोथायाझाइड यांची संयुक्त गोळी हे याचे बोलके उदाहरण होय. मूत्रपिंडातील गाळणीकडे रक्त आणणारी सूक्ष्म धमनी प्रोस्टाग्लँडिन द्रव्यांमुळे रुंद राहते. रक्त बाहेर नेणारी धमनी अँजिओटेन्सिन-२ मुळे आकुंचित राहते. या दोहोंच्या मेळातून गाळणीतील दाब टिकतो. टेल्मिसार्टनमुळे बाहेर नेणारी धमनी सैलावते, तर हायड्रोक्लोरोथायाझाइडमुळे क्षार व पाणी लघवीवाटे जाऊन शरीरातील द्रवाचे प्रमाण घटते. येथवर निरोगी मूत्रपिंड सहसा तोल सांभाळते. परंतु गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक वा आयब्युप्रोफेन घेतले की प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखली जाते, रक्त आणणारी धमनीही अरुंद होते आणि गाळणक्रिया मंदावते. जुलाब-उलट्या किंवा कडक उन्हाळा यांची भर पडल्यास धोका अधिकच. शिवाय ही वेदनाशामके रक्तदाबाच्या औषधांचा मूळ परिणामही बोथट करतात.

‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास ब्रिटनमधील ४,८७,३७२ रुग्णांच्या नोंदींवर आधारित होता. तिन्ही प्रकारची औषधे एकत्र घेणाऱ्यांत मूत्रपिंडास तीव्र इजा होण्याचे प्रमाण ३१ टक्क्यांनी, तर पहिल्या ३० दिवसांत ८२ टक्क्यांनी अधिक आढळले. वेदनाशामकासोबत यांपैकी एकच औषध असता अशी वाढ दिसली नाही. तेव्हा प्रश्न गोळ्या किती हा नसून गोळीत काय आहे हा आहे. औषधाच्या दुकानातून परस्पर घेतलेल्या गोळीबाबत तो सहसा विचारलाच जात नाही.

इतर संयुक्त गोळ्यांच्या आंतरक्रिया वेगळ्या आहेत. अॅम्लोडिपिनयुक्त गोळीसोबत क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक घेतल्यास रक्तदाब अतिरिक्त उतरू शकतो.

वेदनाशमनासाठी पॅरासिटामॉल तुलनेने सुरक्षित मानले जाते. तथापि तेही सर्वस्वी निरुपद्रवी नाही. एडिनबर्ग येथील संशोधकांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत उच्च रक्तदाबाच्या रुग्णांनी ते दररोज ४ ग्रॅम याप्रमाणे दोन आठवडे घेतले असता वरचा रक्तदाब सुमारे ५ मिलिमीटरने वाढला होता.