रतनपूरची रामटेकरी

रायपूरनजीकची उरला ही कारखान्यांची वसाहत. तेथील मनुष्याला धुराविरहित एखादी दुपार हवी असेल, तर त्याने बिलासपूरचा रस्ता धरावा. बिलासपूरच्या पुढे सुमारे 25 किलोमीटरवर कलचुरी राजांची जुनी राजधानी रतनपूर लागते. तेथे एक लहानशी टेकडी आहे. तिचे नाव रामटेकरी. मराठी कानाला हे नाव ओळखीचे वाटावे, यात नवल नाही.

1741 मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करपंत बंगालच्या स्वारीवर निघाले असता वाटेत रतनपूर त्यांच्या हाती आले. पुढे 1758 पासून 1787 पर्यंत रघूजींचे पुत्र बिंबाजी तेथे राहून कारभार पाहात होते. या टेकडीवरील श्रीरामाचे मंदिर त्यांनीच बांधविले. नागपूरजवळच्या रामटेकावर भोसले घराण्याची मोठी श्रद्धा. पुत्र परमुलखात आला, तो फौज आणि मोडी दफ्तरासोबत हे दैवतही घेऊन आला. दसऱ्याला सोने वाटण्याची चालही छत्तीसगडात त्यांनीच पाडली, असे सांगतात.

अशी टेकडी हिवाळ्यात, ऊन कलल्यावर चढावी. या भागातील रान पानझडीचे. साग, पळस, तेंदू या वृक्षांची पाने उन्हाळ्याच्या तोंडाशी गळतात आणि सावली नेमकी हवी तेव्हाच नाहीशी होते; शिवाय दिवसभर तापलेला खडक उशिरापर्यंत धग सोडीत राहतो. थंडीच्या आरंभी मात्र झाडे पानांनी भरलेली असतात आणि माती पावसाने घट्ट बसलेली असते. चढण थोडीच असल्याने घाई करण्याचे कारण नसते; मात्र काळोखापूर्वी खाली उतरण्याइतका वेळ हाताशी ठेवावा.

1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. फौजा गेल्या, दफ्तरे गेली. मंदिर मात्र राहिले. त्याचे रक्षण कोणत्याही फर्मानाने केले नाही. रतनपूरच्या लोकांनी त्याला आपले मानले, म्हणून ते टिकले. आज पायऱ्या चढणाऱ्या छत्तीसगडी शेतकऱ्याला बिंबाजींचे नाव ठाऊक असेलच असे नाही. तो रामाला भेटावयास आलेला असतो. राज्यकर्त्याने जिंकून घेतलेले त्याच्यामागे राहत नाही. लोकांच्या हाती सोपविलेले तेवढे राहते.