जुन्या थाटाचा निकाह : पेटीतून काय काढावे, काय तिथेच ठेवावे

माझ्या मोठ्या बहिणीच्या मुलीचे लग्न ठरले आणि आठवड्याभरात ती मोबाइल घेऊन माझ्याकडे आली. शाळा नुकतीच सुटली होती. पुढ्यात सहावीच्या उर्दूच्या वह्यांचा ढीग होता. "खाला, हे बघा ना," म्हणत तिने एकामागून एक फोटो दाखवले. जुन्या काळची मोटार, पितळी भोंग्याचा ग्रामोफोन, झुंबरे, फिक्या रंगाचे गरारे, मोत्यांच्या लडी. "मला असंच लग्न हवंय. जुन्या जमान्यातलं. व्हिंटेज म्हणतात त्याला."

मुलगी बी. फार्म. झालेली, स्वतः कमावणारी. हौस करायचे तिचे वय. मला त्यात वावगे काही वाटले नाही. पण एका सजावटवाल्याने दिलेला आकडा तिने सांगितला तेव्हा हातातला लाल पेन खाली ठेवावा लागला. सजावट, मोटार, ग्रामोफोन आणि फोटो मिळून ३ लाख ४० हजार रुपये. जेवण वेगळे. दुल्हाभाई घरात काही बोलले नव्हते, पण पतसंस्थेत जाऊन कर्जाचा अर्ज घेऊन आले होते.

मी तिला म्हटले, "बेटा, भाड्याचं जुनं कशाला? आपल्या घरात खरं जुनं पडून आहे. आधी तुझ्या परनानीची पेटी उघडू या."

पेटीत काय निघाले

माझ्या नानीचे लग्न १९४६ मध्ये औरंगाबादेत झाले. मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे आमच्याकडच्या लग्नांवर हैदराबादची छाप होती. पत्र्याची ती पेटी आता अम्मीच्या घरी पलंगाखाली असते. आम्ही तिघी जमिनीवर चादर अंथरून बसलो आणि अम्मीने बिस्मिल्लाह म्हणून कडी काढली.

वर निघाला खडा दुपट्टा. सहा वार लांब, कुर्ती आणि चुडीदार पायजम्यावर दोन्ही खांद्यांना टाचून घेतात तो. त्याखाली नानांची हिमरूची शेरवानी, मशरूचा एक पायजमा, काळ्या मण्यांचा लच्छा, पितळेची गुलाबदाणी, इत्राच्या तीन रिकाम्या कुप्या आणि कापडात गुंडाळलेले काही कागद.

लच्छा पाहून भाचीला नवल वाटले. मी तिला सांगितले की दख्खनच्या मुसलमान घरांत सुहागणीच्या गळ्यात काळी पोत असायचीच. शेजारच्या हिंदू घरांतही काळे मणी, आणि शब्दही तोच, पोत. नानी आणि तिची शेजारीण ओवण्यासाठी एकाच पटवेकऱ्याकडे जात.

मग तिने दुपट्टा उलगडला आणि थांबली. एका बाजूची सगळी किनार उसवलेली होती. टाक्यांची भोके तेवढी दिसत होती. अम्मी म्हणाली, "ती सच्ची जर होती. माझी डी. एड.ची फी भरायची होती, तेव्हा अम्मीने काढून विकली." सच्ची जर म्हणजे रेशमाच्या धाग्यावर चांदीची बारीक पट्टी गुंडाळून तिच्यावर सोन्याचा मुलामा दिलेला असतो. म्हणून जुन्या जरीला वजनावर पैसे मिळत. माझी अम्मी शिक्षिका झाली, तिच्यामागे मी झाले. त्या किनारीचा आमच्या घराला किती उपयोग झाला हे त्या दिवशी भाचीला कळले.

जुने कापड अंगावर घालताना

ज्यांच्या घरात असे कपडे आहेत त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहिते.

हिमरू ही औरंगाबादची ओळख. महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादला हलवली तेव्हा त्याच्याबरोबर विणकर आले आणि त्यांच्यापासून ही कला इथे रुजली, असे सांगतात. किनखाब सोन्याचांदीच्या तारांनी विणत, तो बादशहा-अमिरांचा. हिमरूत सूत आणि रेशीम. दिसायला भरजरी, पण मध्यमवर्गाच्या आवाक्यातला. हिमरू या नावाचा अर्थही 'तसेच दिसणारे' असा सांगितला जातो. मशरूची गंमत आणखी वेगळी. पुरुषांना निव्वळ रेशीम वर्ज्य, म्हणून विणकरांनी असे कापड काढले की वर रेशीम चमकावे आणि अंगाला सूत लागावे. 'मशरू' म्हणजे शरियतने परवानगी दिलेले. आपल्या बुजुर्गांना थाट हवा होता, पण तो पैशाच्या आणि दीनच्या मर्यादेत कसा बसवायचा यावर त्यांनी डोके चालवले होते, हे या दोन कापडांवरून दिसते.

सत्तर-ऐंशी वर्षांचे रेशीम धुऊन, इस्त्री करून थेट अंगावर चढवू नये. ते घडीवर फाटते. आधी सावलीत पसरून हवा द्यावी. कापड विरले असेल तर आतून मऊ सुती अस्तर लावून घ्यावे, म्हणजे ताण अस्तरावर जातो. छोट्या भोकांना रफूगर हवा, साधा शिंपी नको. कापड अगदीच गेले असेल तर गोटा-किनार हलक्या हाताने उसवून नव्या कापडावर लावावी. जरीवर इत्र किंवा अत्तराचा फवारा कधीही मारू नये, ती काळी पडते. इत्र मनगटाला आणि कानामागे लावावे. लग्नानंतर कपडा प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नये. धुतलेल्या पांढऱ्या मलमलमध्ये गुंडाळावा आणि वर्षातून दोनदा घडी बदलावी.

आम्ही दुपट्ट्याला अस्तर लावले. उसवलेली बाजू तशीच ठेवायची, नवी किनार लावायची नाही, असा हट्ट भाचीचाच. शेरवानी दुल्ह्याला खांद्यात आखूड झाली, म्हणून तिच्या कापडाची त्याच्यासाठी सदरी शिवून घेतली.

दावतनामा आणि सेहरा

छापील पत्रिकांच्या जाड खोक्यांऐवजी आम्ही एकच पान केले. एका बाजूला उर्दू, दुसऱ्या बाजूला मराठी, कारण निमंत्रितांत दोन्ही वाचणारे होते आणि अनेकांना एकच लिपी येत होती. उर्दूचा मजकूर माझ्या एका माजी विद्यार्थ्याने बोरूने नस्तालीकमध्ये लिहिला. शाळेत खुशखतीचा तास त्याला शिक्षा वाटायचा. त्या पानावरून ब्लॉक करून दोनशे प्रती काढल्या.

पूर्वी निकाहनंतर सेहरा पढला जाई. घरातला किंवा गावातला शायर दुल्हा-दुल्हनची नावे गुंफून नज्म लिही, ती छापून पाहुण्यांत वाटत. १८५२ मध्ये बहादुरशहा जफर यांचे शहजादे जवाँबख्त यांच्या लग्नात मिर्झा गालिब यांनी सेहरा लिहिला. त्याच्या शेवटच्या शेरातला टोमणा आपल्या उस्तादाला, म्हणजे जौक यांना आहे, असे बादशहाला वाटले. मग जौक यांनी जबाबी सेहरा लिहिला आणि गालिब यांना खुलाशाची कविता लिहावी लागली. आमच्याकडे इतके काही घडले नाही. मामूंनी उर्दूत सेहरा लिहिला आणि माझ्या शाळेतल्या मराठीच्या बाईंनी भाचीच्या पाठवणीवर आठ ओळी लिहिल्या. दोन्ही वाचताना मंडपात मोबाइल खाली ठेवले गेले. ग्रामोफोनची आठवणही कुणाला झाली नाही.

खुशबू, चांदणी, दस्तरखान

जुन्या लग्नाचे अर्धे वैभव नाकाने कळत असे. फोटोत ते येत नाही, म्हणून आज आपण ते विसरतो. खरे इत्र कन्नौजला तांब्याच्या देगेत फुले उकळून काढतात. ती वाफ भपक्यात चंदनतेलात उतरते. अशा इत्राची छोटी कुपीही स्वस्त नसते, पण एका थेंबात काम होते. दारावर दोन मुली बसवल्या. एकीने येणाऱ्या बायकांच्या मनगटाला मोतिया लावला, दुसरीने परनानीच्या गुलाबदाणीतून गुलाबपाणी शिंपडले.

मोठ्या सजावटीऐवजी जमिनीवर पांढरी चांदणी, लोड-तक्के, मोगऱ्याच्या लडी आणि पिवळ्या प्रकाशाचे दिवे. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी भिंतीलगत खुर्च्या. निकाहनंतर मिसरी आणि खारका. वलीम्याला औरंगाबादी नान-कलिया आणि खुबानीचे मीठे, एवढेच. लांब दस्तरखान घातला की पंगतीतला प्रत्येक जण समोरच्याला वाढतो, त्यामुळे अन्न टाकले जात नाही. वलीम्याला एक बकरी पुरे, हा प्यारे नबींनी (स.) घालून दिलेला धडा आपण सगळे जाणतो. अमलात आणताना मात्र शेजाऱ्याच्या मेन्यूकडे बघतो.

सियाहा

आता पेटीतल्या कागदांकडे येते. त्यात एक पिवळा पडलेला कागद होता. काझीच्या दफ्तरातल्या निकाहच्या नोंदीची नक्कल, जुन्या हैदराबाद संस्थानात तिला सियाहा म्हणत. भाचीला उर्दू लिपी वाचता येते. तिने बोट ठेवून वाचले. मेहेर पाचशे रुपये सिक्का उस्मानिया आणि दोन दीनार सुर्ख.

"परनानीला मिळाला का हा?" तिने विचारले.

सिक्का उस्मानिया म्हणजे निजामाचा रुपया. सात दिले की ब्रिटिश हिंदुस्थानचे सहा मिळत. पुढे ते चलनच बंद झाले. अम्मी बराच वेळ गप्प होती. मग तिने सांगितले. १९७२ मध्ये नाना वारले. जनाजा अंगणात होता. दोन बायकांनी नानीला दोन्ही बाजूंनी धरून आणले आणि एक म्हणाली, "मेहेर माफ किया बोलो, बीबी." सगळे वाट पाहत होते. नानीने मान हलवली की रडताना ती आपोआप हलली, हे कुणी पाहिले नाही. "माफ किया" असे दुसरीच कुणी तरी म्हणाली आणि जनाजा उचलला.

पेटीत एवढा थाट होता, पण सव्वीस वर्षांच्या संसारात मेहेर तेवढा राहून गेला होता. नाना चांगले होते, नानीवर त्यांचा जीव होता. त्यांना कुणी विचारलेच नाही आणि नानीने मागितला नाही, कारण मागणे वाईट दिसते असे दोघांना शिकवलेले होते. वास्तविक मेहेर हे नवऱ्यावरचे कर्ज आहे. तो गेला तर वारसांत वाटणी होण्याआधी ते त्याच्या मालमत्तेतून फेडायचे असते. बायको माफ करू शकते, पण खुशीने. जनाज्यासमोर उभे करून मिळवलेल्या होकाराला खुशी कसे म्हणावे?

भाचीने कागदाची घडी घातली आणि म्हणाली, "खाला, दुपट्टा मी घेणार. ही रीत नाही घेणार."

बोलणी झाली तेव्हा तिने मेहेर मागितला तो परनानीचाच. दोन दीनार, पण निकाहच्या बैठकीत, हातात. हिशेब मी मांडला. जकातीच्या निसाबाचे साडेसात तोळे सोने म्हणजे वीस दीनार, त्या मापाने दोन दीनार म्हणजे पाऊण तोळा. मुलाचे चाचा जरा नाराज झाले. "निकाहच्या वेळी कोण देतं? हे नातं आहे, सौदा नाही." दुल्हाभाई घाबरून माझ्याकडे पाहू लागले. आता जुळलेले मोडते की काय, असे मलाही क्षणभर वाटले. तेव्हा अम्मीने सियाहा पुढे सरकवला आणि फक्त एवढेच म्हणाली, "माझ्या अम्मीचा राहिला आहे." मुलाने कागद वाचला. त्याने दोन महिन्यांची मुदत मागितली आणि निकाहची तारीख तेवढी पुढे ढकलली.

शेवटचा हिशेब

वाचकांना आकडे हवे असतात, म्हणून देते. चांदणी, लोड-तक्के आणि दिवे यांचे भाडे २२ हजार. रफू, अस्तर आणि शिलाई ११ हजार ५००. दावतनामे ६ हजार. फुले, इत्र, गुलाबपाणी ९ हजार. फोटोवाला १५ हजार. एकूण ६३ हजार ५००. पतसंस्थेचा अर्ज दुल्हाभाईंनी भरलाच नाही.

तुमच्या घरी परनानीची पेटी नसेल तरी बिघडत नाही. घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला विचारा, तिच्या लग्नात काय काय होते. एक पदार्थ, एक वास, एक गाणे तरी नक्की मिळेल, तेवढे घ्या. आणि त्याच बैठकीत हळूच हेही विचारा, तिला मेहेर मिळाला का? तिचे मियाँ हयात असतील तर अजून वेळ गेलेली नाही.

निकाहच्या दिवशी कबूल झाले आणि मुलाने खिशातून लाल मखमलीची छोटी थैली काढली. त्याने सोनाराकडून दोन सपाट नाणी घडवून घेतली होती. थैली आत पाठवली गेली. भाचीने ती उघडून नाणी तळहातावर घेतली आणि आधी अम्मीला दाखवली. अम्मीने चष्मा पुसला, दोन्ही नाणी मोजली, जणू दोन मोजायलाही वेळ लागतो, आणि म्हणाली, "पोहोचले."