बुश सरळ बसला पाहिजे

डिझेल इंजिनाच्या कनेक्टिंग रॉडचं वरचं टोक पिस्टनच्या पिनभोवती पूर्ण फिरत नाही, नुसतं झुलतं. त्यामुळे तिथल्या गनमेटलच्या बुशात तेलाचा थर नीट धरत नाही. ६५० फेऱ्यांच्या लिस्टर पद्धतीच्या इंजिनात हे झुलणं मिनिटाला १३०० वेळा उलटतं, आणि प्रत्येक स्फोटाचा दाब बुशाच्या खालच्या बाजूवर येतो. तिथंच तो झिजतो, भोक लंबगोल होतं आणि इंजिन ठोका देऊ लागतं.

असा बुश पाइपचा तुकडा धरून हातोड्यानं ठोकलेला मला पाहवत नाही. जोर कमी पडतो असं नाही. घाव मधोमध बसत नाही. बुश तिरका होतो, त्याची कड रॉडचं भोक खरवडते आणि मग नवा बुश कितीही चांगला असला तरी धरत नाही. मोठा प्रेस जवळ नसेल तर लेथवर स्वतःचं टूल बनवावं.

सामान थोडंच लागतं: १६ मिलिमीटरचा हाय टेन्साइल स्टड, नट, जाड वॉशर, बुश ढकलणारा दट्ट्या आणि निघालेला बुश सामावणारी वाटी. वाटी बुशापेक्षा लांब आणि आतून दीड-दोन मिलिमीटर मोठी. दट्ट्या बाहेरून बुशापेक्षा किंचित लहान. त्याच्या पुढच्या टोकाला बुशात अलगद जाणारा खांदा. हा खांदा आणि त्यामागचा सपाट फेस, दोन्ही एकाच पकडीत कापायचे. जॉब चकमधून काढून पुन्हा बांधला, की फेस अक्षाला काटकोनात राहील याची खात्री उरत नाही, आणि सगळं टूल त्या काटकोनासाठीच तर आहे. नटाखाली ५११०३ नंबरचं थ्रस्ट बेअरिंग घातलं तर पाना हलका चालतो. आट्यांना ग्रीस हवंच.

जुना बुश आधी हटून बसतो, मग एकदम ‘टक्’ करून सुटतो. नंतर पान्याच्या दर फेऱ्याला दोन मिलिमीटर, आट्यांच्या पिचाइतका, सरकत राहतो.

नवा बुश ३८ मिलिमीटरचा असेल तर मी तो भोकापेक्षा साधारण ०.०४ मिलिमीटर मोठा ठेवतो. तो घरच्या फ्रीजरमध्ये, उणे १८ अंशांवर, नीट गार केला तर ०.०३ मिलिमीटर आकसतो. म्हणजे निम्म्याहून अधिक काम थंडीच करते. पण बाहेर काढल्यावर रेंगाळायचं नाही. तेलाच्या भोकाची रेघ बुशावर आणि रॉडवर आधीच मारून ठेवायची, कारण एकदा दाबलेला बुश आत फिरवता येत नाही. पहिले दोन-तीन मिलिमीटर आत गेले की थांबून गुण्या लावायचा. तिरकेपणा इथं सुधारतो, पुढं नाही.

दाबल्यावर बुशाचं आतलं भोक आवळतं, जवळजवळ जेवढा घट्टपणा दिला तेवढंच. म्हणून आत थोडा माल राखायचा आणि बुश बसल्यावरच रीमर फिरवायचा, एकाच दिशेनं, सावकाश. पिनला तेल लावून ती अंगठ्यानं ढकलायची. ती न अडकता सरकली आणि आडवी हलवल्यावर चाल जाणवली नाही, तर रॉड इंजिनात चढवायला हरकत नाही.